विहारामागची बाग

आमच्यात नवस बोलत नाहीत. माझ्या वडिलांनी दीक्षा घेतली त्या दिवशी घरातले टाक आणि तसबिरी एका फडक्यात बांधून नदीत सोडल्या. त्यानंतर आमच्या घरात कुणी कुठल्या देवाकडे काही मागितलं नाही. मला लहानपणापासून याचा अभिमान होता. पण माझे मिस्टर गेले त्या वर्षी मला पहिल्यांदा शेजारच्या पाटीलकाकूंचा हेवा वाटला. त्यांच्या घरी काही बिनसलं की त्या देव्हाऱ्यासमोर बसून देवाशी भांडायच्या. मधली भिंत पातळ, सगळं ऐकू यायचं. "तुला डोळे आहेत ना रे? मग दिसत नाही का?" असं त्या त्याला विचारायच्या, रडायच्या, आणि मग उठून पोळ्या लाटायला लागायच्या. मी भिंतीच्या अलीकडे बसून विचार करायची, की मी कुणाशी भांडू? आमचे तथागत डोळे मिटून शांत बसलेले. त्यांनी मला कधी काही देईन असं सांगितलेलंच नव्हतं, मग दिलं नाही म्हणून जाब तरी कसा विचारणार?

ही नव्वदच्या आसपासची गोष्ट आहे. आम्ही अंबरनाथला बुवापाड्यात राहायचो. मिस्टरांना कावीळ झाली आणि अकरा दिवसांत ते गेले. त्यांच्या कारखान्यात मला पॅकिंगला घेतलं. एकुलती एक मुलगी आदल्याच वर्षी लग्न होऊन अकोल्याला गेली होती. तिची पत्रं यायची, पण पत्राला आवाज नसतो. कारखान्यात मी 'ओ बाई' होते, चाळीत 'ताई' होते, रेशनच्या दुकानात नुसता नंबर. घरी एका माणसाचा स्वयंपाक करताना भात नेहमी जास्त व्हायचा. मला कमी तांदूळ मोजता यायचेच नाहीत. माझ्या नावाने, अगंतुगं करून हाक मारणारं आता या गावात कुणी उरलेलं नाही, हे एकदा भांडी घासताना लक्षात आलं आणि मी तशीच हात राखेत घालून बसून राहिले.

रविवारी सकाळी आमच्या विहारात आधी वंदना आणि नंतर धम्मवर्ग असायचा. साळवेसर म्हणून निवृत्त मास्तर होते, ते शिकवायचे. फळ्यावर एकेक शब्द लिहून त्याचा अर्थ सोडवून सांगायचे. चाळीस-पन्नास माणसं येत. मी दाराजवळ बसायची. सगळं अनित्य आहे, असं सर सांगायचे. ते मला पटत होतं, पण पटून काही हलकं वाटत नव्हतं. खरं सांगायचं तर मी शिकायला जातच नव्हते. तास-दोन तास माणसांत बसायला मिळतं म्हणून जायची.

विहाराच्या मागे एक मोकळी जागा होती. नुसता मुरूम, मध्ये मध्ये काळा कातळ, कडेला बाभळीची खुरटी झुडपं. पलीकडे नाला. कुठल्या कारखान्यात काय चाललंय त्याप्रमाणे त्याचं पाणी कधी तांबूस तर कधी निळसर दिसायचं. एका रविवारी वंदनेसाठी आणलेली फुलं कमी पडली, तेव्हा मी वर्गात पहिल्यांदा तोंड उघडलं. म्हटलं, "सर, आपण मागे बाग केली तर? आपलीच फुलं होतील." सरांना ते फार आवडलं. त्यांनी लगेच फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'उद्यान मंडळ'. कोण कोण श्रमदान करणार, विचारल्यावर भराभर हात वर झाले. सुचवलं मी, म्हणून प्रमुखही मीच झाले. मी शंभर पानी वही घेतली आणि त्यात चौदा नावं लिहिली. त्या संध्याकाळी मी किती दिवसांनी स्वतःशी गुणगुणले होते.

पहिल्या रविवारी नऊ जण आले. जमीन इतकी टणक, की कुदळ मारली की ठिणगी उडायची. दोन तासांत एका कुदळीचा दांडा मोडला आणि सगळे हसत हसत घरी गेले. दुसऱ्या रविवारी पाच आले, तिसऱ्या रविवारी दोन. वर्ग सुटायच्या वेळेलाच तेव्हा टीव्हीवर मालिका लागायची, त्या वेळी गल्लीत कुत्रंसुद्धा दिसायचं नाही. मी घरोघर गेले. कुणी वाईट बोललं नाही. उलट चहा द्यायचे. "येतो ना ताई, पुढच्या रविवारी नक्की." मी वहीत त्या नावापुढे बारीक खूण करायची, आणि पुढच्या रविवारी एकटीच घमेलं डोक्यावर घेऊन उभी असायची. पाच-सहा मोगरे आणि दोन जास्वंदी मी लावल्या. विहाराच्या नळाला सकाळी तासभर पाणी यायचं, ते बादलीने नेऊन घालायची. पाणी वरच्या वर वाहून जायचं. सगळी झाडं एकापाठोपाठ एक वाळली. मेलेल्या मोगऱ्याची काडी उपटताना ती मुळासकट अलगद हातात आली. मुळांनी जमीन धरलीच नव्हती.

विहार समितीचे अध्यक्ष भालेरावभाऊ भला माणूस. फेब्रुवारीत ते मला म्हणाले, "ताई, राग नका मानू. ती जागाच झाडांची नाही. उन्हाळ्यात कोबा घालून घेऊ. लग्नाकार्याला मंडप तरी टाकता येईल." मी हो म्हटलं. आतून मला सुटल्यासारखंही वाटलं, आणि त्या सुटण्याचीच लाज वाटली.

त्याच्या पुढच्या रविवारी मी वर्ग सुटल्यावर मागे गेले ती हत्यारं धुऊन परत करायला. दहा-साडेदहा वाजले असतील. आता इथेही माझं काही काम राहणार नाही, हे मनात आलं आणि मी विहाराच्या जोत्यावर बसले. कुणी नव्हतं, म्हणून मोठ्याने रडले. आणि आमच्यात जे करत नाहीत ते मी केलं. मागितलं. कुणाकडे मागतेय ते मला ठाऊक नव्हतं. झाडं मागितली नाहीत, मिस्टर परत मागितले नाहीत. मनात एवढंच म्हटलं, की कुणीतरी मला हाक मारा.

किती वेळ गेला कोण जाणे. नाल्याच्या बाजूने आवाज आला, "अदी! अदी, ओ अदी!"

मी पाहिलं, तर एक म्हातारा माणूस बाभळीतून वाट काढत येत होता. पांढरा लेंगा, पांढरा सदरा, अंगाने उंच पण वाकलेला. एका पायात चप्पल, दुसरा पाय अनवाणी आणि चिखलाने भरलेला. बोलण्यावरून उल्हासनगरचा सिंधी वाटला. कॅम्प पाच आमच्यापासून लांब नव्हता, तिकडून कुणीतरी वाट चुकून आलं असेल, असं मला वाटलं. मी डोळे पुसून विचारलं, "काका, किधर जाना है आपको?"

त्यांनी माझ्या प्रश्नाकडे लक्षच दिलं नाही. माझ्या हातातलं फावडं घेतलं, जमिनीवर दोनदा आपटलं आणि रागावून म्हणाले, "ऐसे थोडी होता है, अदी. सूखी जमीन को मारते नहीं. पहले पाणी पिलाओ, रात भर छोडो, फिर खोदो." ते 'पाणी' म्हणाले, आपल्यासारखं, णाने. का कोण जाणे, तेवढ्याने मला ते घरातले वाटले.

मग त्यांनी मला एक मडकं आणायला लावलं. विहारात जुना गळका माठ होता, तो मी आणला. त्याच्या तळाला त्यांनी खिळ्याने बारीक भोक पाडलं, माझ्याकडून चिंधी मागून घेतली, तिची वात वळून त्या भोकात घट्ट बसवली. "इसको गले तक गाडो. बाजू में पेड लगाओ. चार दिन में एक बार भरो. पेड अपने आप पीता रहेगा." एवढं बोलून ते थकले. मी डब्यातली भाकरी आणि वांग्याची भाजी दिली. निम्मी त्यांनी खाल्ली, निम्मी माझ्या पुढे सरकवली. "तू खा. तू कुछ खाती नहीं." जेवून झाल्यावर एकदम घाबरल्यासारखे उठले. "बाबा गुस्सा करेंगे," म्हणाले आणि आले तसे नाल्याच्या वाटेने निघून गेले. या वयाच्या माणसाला कुठले बाबा रागावणार, असं मनात आलं. मला वाटलं, थट्टेचा स्वभाव असेल.

ते पुढच्या रविवारी पुन्हा आले, आणि त्याच्याही पुढच्या. असे एकंदर पाच रविवार. मी आदल्या संध्याकाळी जमीन भिजवून ठेवायची, सकाळी ते कुठे खणायचं ते काठीने आखून द्यायचे, आणि मडक्यांच्या बाजूला मी पुन्हा मोगरा लावायची. खड्ड्यात पालापाचोळा, शेण, तळ्यातला गाळ असे थर कसे घालायचे ते त्यांनी शिकवलं. मी चाळीत फिरून जुने माठ मागायला लागले. कामाला या म्हटलं की माणसं टाळत होती, पण गळका माठ द्यायला कुणाचीच ना नव्हती. आणि मग एक गंमत झाली. ज्यांनी माठ दिला ती माणसं आपला माठ कुठे पुरलाय हे बघायला यायला लागली. बघायला आलेली बाई जाता जाता त्यात तांब्याभर पाणी ओतून जायची. काका कुणाशी बोलायचे नाहीत. फक्त माझ्याशी, तेही तोडून तोडून. कधी विचारायचे, "खूह किधर गया?" मला तो शब्द कळायचा नाही, मी नुसती मान हलवायची. एकदा ते फार आग्रहाने म्हणाले, "इधर जैतून लगाना." जैतून म्हणजे काय ते आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. शेवटी रस्त्यावरून पेरूची गाडी गेली तिच्याकडे त्यांनी बोट दाखवलं, तेव्हा उलगडा झाला.

मी त्यांचं नाव विचारलं नाही. पत्ताही विचारला नाही. आज याचं आश्चर्य वाटतं, पण तेव्हा मला विचारायची भीती वाटत होती. सोमवार ते शनिवार मी कशीतरी ढकलायची आणि रविवारी साडेदहाला कान नाल्याकडे लावून उभी राहायची. मी मागितलं आणि ते आले, एवढंच मला माहीत होतं, आणि त्याहून जास्त माहीत करून घ्यायचं नव्हतं.

सहाव्या रविवारी ते आले नाहीत. सातव्याही नाही. एप्रिलचं ऊन तापायला लागलं होतं. त्यांची एक कापडी पिशवी शेवटच्या खेपेला जोत्यावर राहिली होती. तिच्यात वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळलेल्या पेरूच्या वाळलेल्या बिया होत्या, आणि पिशवीवर एका कापड दुकानाचं नाव आणि 'कॅम्प ५' एवढं छापलेलं होतं. मी पहिली पाळी संपवून एका दुपारी ती पिशवी घेऊन निघाले. दुकान सापडायला वेळ लागला नाही. गल्ल्यावर पन्नाशीचा माणूस बसला होता. मी काकांचं वर्णन केलं आणि पिशवी पुढे ठेवली, तसा तो उभाच राहिला. "बहनजी, मेरे पिताजी हैं. आपको कहां मिले?"

तो मला दुकानामागच्या घरी घेऊन गेला. जुन्या बराकीतल्या दोन खोल्या वाढवून केलेलं घर होतं. त्याच्या बायकोने, कविता तिचं नाव, मला पाणी दिलं आणि सगळं सांगितलं. काकांचं नाव लधाराम. तीन वर्षांपासून त्यांना काही आठवत नव्हतं. मुलाला ओळखायचे नाहीत, घराला घर म्हणायचे नाहीत. रविवारी सकाळी घरातले सगळे सत्संगाला जायचे तेव्हा ते झोपलेले असायचे. ते मागच्या दाराने निघून जातात हे त्यांना कितीतरी दिवस कळलंच नव्हतं. "वापस आते थे तो पैर मिट्टी से भरे हुए, और इतने खुश, कि हम सोचते थे आंगन में खेल रहे होंगे." पण मागे दोन रविवार झाले, ते भलतीकडे गेले, रस्त्यात पडले, संध्याकाळी विठ्ठलवाडीला सापडले. कपाळाला टाके पडले. तेव्हापासून दाराला कुलूप होतं. तोवर ते आमच्याकडे पाच वेळा कसे पोहोचले, आणि कसे परत गेले, हे तिला सांगता येईना. मलाही आजवर सांगता आलेलं नाही.

मी विचारलं, "ये अदी मतलब क्या?"

"अदी मतलब बहन, बडी बहन," कविता म्हणाली. "सिंध में लाडकाणा के पास इनका बाग था, जैतून का. कुएं के पास. खूह बोलते हैं हम लोग कुएं को. दोनों भाई-बहन पेडों को पाणी देते थे. फिर बंटवारे में सब इधर आए तो वो आ नहीं सकी. रास्ते में ही..."

आतल्या खोलीत काका खाटेवर बसले होते. कपाळाला पट्टी. सदऱ्याचं टोक बोटांनी गुंडाळत होते आणि सोडत होते. मी समोर जाऊन उभी राहिले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि भिंतीकडे पाहावं तशी नजर पुढे नेली. "काका," म्हटलं, तरी काही नाही.

मी चालतच घरी आले. रिक्षा करावी असं वाटलंच नाही. मिस्टर गेले तेव्हासुद्धा मी इतकी एकटी झाले नव्हते. माझ्यासाठी कुणीतरी आलं, असं मी दोन महिने धरून चालले होते. कुणी आलंच नव्हतं. एक हरवलेला म्हातारा आपल्या मेलेल्या बहिणीला शोधत फिरत होता आणि मी मध्ये उभी होते, एवढंच. माझी हाक आणि त्यांची हाक दोन निरनिराळ्या माणसांसाठी होती. माझ्या मागण्याचं मला हसू आलं. त्या आठवड्यात मी बागेकडे फिरकले नाही. पाटीलकाकू भिंतीपलीकडे देवाला काहीबाही सुनावत होत्या. मला तर मनातल्या मनातसुद्धा कुणाला काही सुनावावंसं वाटत नव्हतं.

रविवारी वर्गाला मात्र गेले, सवयीने. साळवेसरांनी शिकवून संपवलं आणि विचारलं, "उद्यान मंडळाचं काही?" मी उभी राहिले. बाग बंद करू या, एवढंच सांगायचं ठरवून गेले होते. पण तोंड उघडल्यावर सगळंच बाहेर आलं. ते कोण होते, कसे येत होते, आता कुलपात आहेत. मी काय मागितलं होतं, ते तेवढं सांगितलं नाही. भालेरावभाऊ चष्मा पुसत होते. मागून हिराआजी बोलल्या. ही बाई सत्तरीची, वर्षानुवर्षं वर्गात झोपा काढायची, एक शब्द कधी बोलली नव्हती.

"आगं, म्हातारा एकटा सुटला म्हणून हरवला. दोघींनी धरून आणला तर कशाला हरवल?"

कुणीतरी हसलं. मग सगळेच बोलायला लागले. रिक्षा कुणाच्या ओळखीची आहे, खुर्ची कुठून आणायची, दुपारी ऊन होतं तेव्हा लवकर परत न्यायला हवं. मी उभीच होते. मला खाली बसायचं भानच नव्हतं.

पहिल्या खेपेला माझ्यासोबत भालेरावभाऊच आले. काकांचा मुलगा का-कू करत होता. "आप लोगों को तकलीफ होगी. और ये गाली भी देते हैं कभी कभी." भालेरावभाऊ म्हणाले, "देने दो ना साईं. हमारे घर में भी बुड्ढे थे." कविताने कुलूप काढलं. रिक्षात काका माझ्याकडे न बघता बसून होते. विहाराच्या मागे उतरलो, ओल्या मातीचा वास आला, आणि त्यांनी माझ्या दंडाला घट्ट धरलं. "अदी, इतने दिन कहां थी तू? मटके खाली पडे हैं!" आठवडाभर पाणी न मिळाल्याने खरोखरच सगळी मडकी रिकामी पडली होती. हिराआजी पदर खोचून बादली घेऊन आल्या.

त्यानंतर जवळजवळ दोन वर्षं दर रविवारी आमच्या मंडळातली दोन माणसं काकांना आणायला जायची. वहीत मी आता कोण येतो म्हणालं त्याच्या खुणा करत नव्हते. पुढच्या खेपेला कोण जाणार, ते लिहायची. आणायला जाणारा माणूस मग थांबायचाच, आणि थांबला की त्याच्या हातात फावडं यायचंच. भालेरावभाऊंनी बदलापूरहून, हेंद्रेपाड्यातल्या त्यांच्या साडूकडून, पेरूची दोन रोपं आणली. कोब्याचा विषय पुन्हा कुणी काढला नाही. काकांनी आम्हा सगळ्यांना कुठली कुठली नावं दिली होती. साळवेसरांना ते मुनीमजी म्हणायचे. सर निमूटपणे ओ द्यायचे.

पण एक गोष्ट मला टोचत राहायची. दर रविवारी असत्य न बोलण्याचं शील घ्यायचं आणि तासाभराने दुसऱ्याच कुणाच्या तरी नावाला ओ द्यायची. त्यांची बहीण वाटेत गेली, तिच्या वाट्याची माया मी घेत होते. रविवार संपला की घरी परत तीच मी, तोच उरणारा भात. मंडळ उभं राहिलं होतं, माणसं होती, हसणं होतं, पण मला येणारी हाक माझी नव्हती. हे मी कुणाला सांगितलं नाही.

दुसऱ्या हिवाळ्यात काकांचं बोलणं जवळजवळ थांबलं होतं. एका रविवारी मी त्यांच्या खुर्चीजवळ बसून मोगऱ्याची पिवळी पानं काढत होते. बाकीचे पुढच्या बाजूला झाडलोट करत होते. काका बराच वेळ पेरूच्या झाडाकडे, मग नाल्याकडे, मग विहाराच्या भिंतीकडे बघत होते. नंतर माझ्याकडे वळले. त्यांची नजर त्या दिवशी वेगळी होती. खोल नव्हती, हरवलेली नव्हती, एखादा शहाणा म्हातारा माणूस बघतो तशी साधी होती.

"ये हमारा बाग नहीं है," ते म्हणाले.

आपलीच बाग आहे, असं म्हणणं सोपं होतं. त्यांना बरं वाटलं असतं, आणि मलाही. पण ते विचारत होते, आणि विचारणाऱ्या माणसाला मला फसवता येईना. मी म्हटलं, "नहीं, काका. ये हमारा विहार है. अंबरनाथ में."

त्यांनी मान हलवली. मग म्हणाले, "और तू अदी नहीं है."

"नहीं, काका."

त्यांनी माझ्या मातीने भरलेल्या हातांकडे पाहिलं. मला वाटलं आता ते रडतील, किंवा घरी चल म्हणतील. त्यांनी आपला हात माझ्या डोक्यावर ठेवला.

"फिर भी लेने आती है," ते म्हणाले.

आयुष्यात त्या एका वेळी कुणीतरी मला, मला म्हणूनच, पाहिलं. पुढच्या रविवारी ते पुन्हा लाडकाण्यात होते आणि मी पुन्हा अदी होते, आणि त्यानंतर ओ देताना मला कधी टोचलं नाही.

उन्हाळ्यात ते गेले. झोपेतच गेले. नंतरच्या रविवारी त्यांचा मुलगा आणि कविता विहारात आले. वंदनेचे शब्द त्यांना येत नव्हते, ते मागे हात जोडून बसले, आणि मग मागे जाऊन दोघांनी न बोलता एकेक मडकं भरलं.

पुढे बागेत इतका मोगरा फुलायचा, की आम्हाला पुरून चाळीतल्या देव्हाऱ्यांनाही जायचा. त्या सकाळी माझं मागणं कुणी ऐकलं होतं का, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. वर्गात कुणी विचारलं तर मी म्हणेन, एक आजारी माणूस वाट चुकला. तेही खरंच आहे. पण वंदनेत आपण शरण जातो असं तीनदा म्हणतो तेव्हा पूर्वी मला वाटायचं, की कुठे जायचं ते आधी ठाऊक असायला हवं, आपलं कोण ते ठाऊक असायला हवं. काकांना काहीच ठाऊक नव्हतं, तरी ते घराबाहेर पडले. समोर कोण आलंय हे मला ठाऊक नव्हतं, तरी मी फावडं त्यांच्या हातात सोडलं. मी केलं ते एवढंच. मी आजही एकटीच राहते. ज्या कशाने त्या म्हाताऱ्या पावलांना पाच वेळा न चुकता आमच्याकडे आणलं, त्याला मी नाव देत नाही. रोज सकाळी हात जोडते, आणि आता काही मागत नाही.